नाना दवाखान्यातून घरी आलेत, आता पुढे

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे सासरे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, वय ७२. केळी आणि कापसाची शेती. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या. दिवाळीनंतर नानांचं जेवण तुटलं, झोप गेली, 'आते काय करू जगीसन' (आता जगून काय करू) म्हणायला लागले, शेवटी शेवटी अंघोळही सोडली. मानसोपचार विभागात १९ दिवस ॲडमिट होते. सहा वेळा विजेचे शॉक दिले, गोळ्या सुरू केल्या. घरी येऊन आता नऊ दिवस झालेत. डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, पण घरी नाना भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ताईंचे यजमान जळगावला नोकरीला, रोज जाऊन-येऊन करतात. ताई विचारतात: गोळ्यांची सवय लागेल का आणि त्या किती दिवस द्यायच्या? नानांना उठवत राहायचं की पडू द्यायचं? एकटं सोडलं तर चालेल का? आणि सुरतेची नणंद म्हणते जागा बदलली की बरं वाटेल, माझ्याकडे पाठवा, तर पाठवावं का?

ताई, मी २२ वर्षं मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते आहे. मी डॉक्टर नाही, गोळी कमी-जास्त करणं माझं काम नाही. पेशंट घरी गेल्यावर घरात काय चाललंय ते बघणं, घरच्यांशी बोलणं, पुन्हा ॲडमिट करायची वेळ येऊ न देणं हे माझं काम. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी ओट्यांवर मी बसले आहे, आणि तुमचे हे चार प्रश्न जवळजवळ प्रत्येक ओट्यावर ऐकले आहेत.

आपल्याकडे डिस्चार्जला 'सुट्टी झाली' म्हणतात. सुट्टी झाली म्हणजे माणूस बरा होऊन आला, असं घर धरून चालतं. वॉर्डातून सुट्टी देतात तेव्हा एवढंच झालेलं असतं की जिवाचा तातडीचा धोका ओसरला, दोन वेळा थोडं पोटात जायला लागलं आणि रात्री चार-पाच तास डोळा लागायला लागला. मन वर यायला अजून वेळ असतो. उतारवयातल्या डिप्रेशनमध्ये गोळ्यांचा गुण तरुणांपेक्षा सावकाश येतो. दोन-चार आठवड्यांत थोडा फरक दिसतो, पण पुरता गुण यायला आठ ते बारा आठवडेही लागतात. नानांचं औषध सुरू होऊन जेमतेम चार आठवडे झालेत. श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट होतील तेव्हा नाना पंगतीला बसतात का, ते बघा. नवव्या दिवशी तेवढी अपेक्षा धरू नका.

आणखी एक. वॉर्डात नानांचा दिवस आखलेला होता. सकाळी सिस्टर गोळ्या घेऊन यायच्या, चहा-नाश्ता ठरल्या वेळी यायचा, शेजारच्या कॉटवरचा माणूस 'काय बाबा, लागली का झोप?' विचारायचा. घरी आल्याबरोबर ते सगळं एकदम तुटलं, आणि समोर सासूबाईंची रिकामी खाट आली. म्हणून घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस पेशंट मागे गेल्यासारखा वाटतो. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण तो थांबू शकत नाही. नानांना सध्या एकटं सोडू नका. मानसोपचार वॉर्डातून घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा आणि त्यापुढचे साधारण तीन महिने, आत्महत्येचा धोका सगळ्यात जास्त याच काळात असतो. हे मी सुरुवातीला पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र एका घरामुळे. नोकरीचं माझं दुसरं-तिसरं वर्ष असेल. एका आजोबांना सुट्टी दिली, महिन्यानंतरची तारीख दिली, मी मुलाला चार सूचना सांगितल्या आणि माझं काम झालं असं समजले. मधे एक फोनसुद्धा केला नाही. अकराव्या दिवशी ते खळ्यातल्या खोलीत फवारणीचं औषध प्यायलेले सापडले. शेजाऱ्याने मोटारसायकलवर मधे बसवून आणलं, वेळेत पोचले, वाचले. मुलगा माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, त्या दिवशी सकाळी ते चांगले बोलले हो, चहा मागून घेतला." तेव्हापासून सुट्टी झालेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी मी तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी फोन करते. एकही चुकवलेला नाही.

त्या मुलाचं वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. गोळ्यांनी आधी अंगात थोडी ताकद येते, हालचाल वाढते. मनातला काळोख मात्र त्यानंतर हळूहळू जातो. या मधल्या दिवसांत माणूस वरून बरा दिसतो आणि घर निर्धास्त होतं. नाना अचानक फार शांत झाले, शेताचे कागद, पैशांचे हिशेब कुणाच्या हवाली करायला लागले, नातवाला जवळ घेऊन 'आईला त्रास देऊ नको' असं निरवानिरवीचं बोलायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणि नानांना सरळ विचारा. विचारलं तर डोक्यात नसलेला विचार येईल, अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून छातीवरचा दगड उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. यजमानांना सांगा, रात्री जेवणं झाली की नानांजवळ बसून म्हणा, "नाना, जगणं नको वाटतं का अजून? जीव द्यायचा विचार येतो का?" हो म्हणाले तर रागावू नका, शपथा घालू नका. कधी येतो, किती वेळ राहतो, काही ठरवलंय का, एवढं ऐकून घ्या, त्यांना एकटं सोडू नका आणि दवाखाना गाठा. काही घरं पोलिसांच्या भीतीने जीव द्यायचा प्रयत्न लपवतात, दवाखान्यात 'चुकून प्यायले' सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. डॉक्टरांपासून काही लपवू नका.

आता खरं काम. पेरणीचे दिवस जवळ आलेत. आपल्याकडे कापसाच्या घरात या दिवसांत फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आणून ठेवल्या जातात, ओसरीच्या कोपऱ्यात, माळ्यावर, गोठ्यात. आज संध्याकाळच्या आत एकही बाटली घरात आणि खळ्यात राहता कामा नये. भाऊबंदांच्या गोदामात किंवा थेट दुकानदाराकडे ठेवा, लागेल तेवढीच आणा, उरलेली परत न्या. ते जमणार नसेल तर कुलूप, आणि किल्ली खिळ्याला अडकवायची नाही, एकाच माणसाच्या कमरेला. सासूबाईंच्या जुन्या गोळ्या, बीपी-शुगरच्या उरलेल्या पट्ट्या, झोपेच्या गोळ्या, सगळं गोळा करा. तीव्र विचार अनेकदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो, हे मी अनुभवाने सांगते.

एकटं सोडू नका म्हटलं की काही घरं पहाराच बसवतात. संडासच्या दाराशी उभं राहायचं, क्षणाक्षणाला 'काय करताय?' विचारायचं. त्याने माणूस अजून मिटतो. नानांच्या खाटेजवळ बसून तुम्ही शेंगा फोडा, मेथी निवडा, नातवाने तिथेच अभ्यास करावा. घरातलं कुणीतरी जवळपास आपलं काम करत बसलंय, एवढं पुरतं. रात्री यजमानांनी त्याच खोलीत झोपावं.

गोळ्यांकडे वळते. डिप्रेशनच्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी सवय लागत नाही. त्या एकदम बंद केल्या तर मात्र चक्कर, बेचैनी, डोक्यात झिणझिण्या असं होतं, आणि घरचे म्हणतात 'बघा, लागली सवय'. म्हणून बंद करायच्या तेव्हा डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. ज्यांची खरंच सवय लागू शकते त्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या वेगळ्या. सुट्टीच्या कागदावर त्या किती दिवसांसाठी लिहिल्यात, ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. म्हाताऱ्या माणसाला त्याने तोल जातो, रात्री लघवीला उठताना पडायला होतं, आणि या वयात मांडीचं हाड मोडलं की घराचा सगळा घाटच बदलतो. मेडिकलवाल्याकडून परस्पर त्या वाढवून आणू नका.

किती दिवस? पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर पुढे निदान सहा महिने ते वर्षभर, या वयात बरेचदा त्याहून जास्त. बरं वाटलं की गोळ्या सोडल्या, आणि आठ-दहा महिन्यांनी पुन्हा तोच वॉर्ड, ही माझ्याकडची सगळ्यात नेहमीची कहाणी आहे.

गोळ्या एकाच माणसाच्या हाताने द्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर पाच मिनिटं गप्पा मारत तिथेच बसा. अमळनेर तालुक्यातल्या एका आजींकडे मी गेले होते. घरचे सांगत होते, रोज गोळी देतो तरी गुण नाही. आजी खाटेवर, उशाशी त्यांची चंची. बोलता बोलता मी म्हटलं, "आजी, सुपारी द्या की थोडी." त्यांनी चंची उघडली, आणि चुन्याच्या डबीखाली, सुपारीच्या खांडांमध्ये गुलाबी गोळ्या. ओल्या होऊन रंग उतरलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मी मोजल्या, १३ होत्या. आजींनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "तोंड कोरडं पडस माय, भाकर गिळाये जात नही." बस, एवढंच कारण होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, दीड महिन्यात आजी विहिणीकडे जाऊन आल्या. तेव्हा नाना गोळीला नको म्हणाले तर आधी विचारा, काय होतं त्याने? मळमळ, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, पहिल्या दिवसांतली बेचैनी, यातलं काहीतरी असतं, आणि बहुतेक वेळा त्यावर उपाय असतो.

आता एप्रिल संपतोय. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ ला जातो, म्हणून हे नीट वाचा. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी काहींनी म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, आणि सोबत बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर अधिकच. नाना जास्त सुस्त झाले, बोलण्यात असंबद्धपणा आला, तोल जायला लागला, डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या, तर 'उन्हाचं झालं असेल' म्हणून नुसतं पाणी पाजत बसू नका. त्याच दिवशी सोडियम तपासून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे, आणि ती अजून झाली नसेल तर पुढच्या तारखेला स्वतःहून मागा. नानांना लिथियमची गोळी दिली असेल तर जुलाब, उलट्या, घाम यांनी अंगातलं पाणी गेलं की तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हात थरथरणं, जुलाब लागणं, पाय लटपटणं ही त्याची लक्षणं, आणि तेव्हा तातडीने दवाखाना. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळीही लिथियमबरोबर घातक ठरते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून शौचाला काळं होतं का, तेही बघा. म्हणून नानांच्या सगळ्या डॉक्टरांना नानांच्या सगळ्या गोळ्या माहीत असल्या पाहिजेत.

शॉकबद्दल तुम्ही प्रश्न विचारलेला नाही, पण मनात असणार. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं त्याच २०१७ च्या कायद्याने बंद आहे. जेवण-पाणी सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये या उपचाराचा गुण लवकर येतो, मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. नानांना ॲडमिट असतानाचे दिवस आठवत नसतील, कुणाचं नाव पटकन सुचत नसेल, तर ते बहुतेक काही आठवड्यांत निवळतं. त्यांची परीक्षा घेऊ नका. 'सांगा बरं, हा कोण?' हा प्रश्न पाहुणे विचारतात आणि माणसाला लाज वाटते.

दुसरा प्रश्न, उठवायचं की पडू द्यायचं. उठवायचं. पण 'उठा, किती झोपता, मन घट्ट करा, तुम्हाला काय कमी आहे' असं म्हणून नाही. डिप्रेशनमध्ये मन घट्ट करायची ताकदच गेलेली असते. ज्याचा पाय मोडलाय त्याला चाल म्हणण्यासारखं ते आहे, आणि ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की मी घराला जड झालो. तुम्ही काम छोटं करा आणि वेळ पक्की ठेवा. सकाळी सहाला उठवून ओट्यावर. ऊन तापायच्या आत अर्धा तास. चहा तिथेच. मग अंघोळ, पाणी काढून, कपडे हाताशी ठेवून. 'अंघोळ करता का?' असं विचारलं तर उत्तर 'नको'च येणार. 'नाना, पाणी काढलंय, चला' असं म्हणा. नको म्हणाले तर वाद नाही, अर्ध्या तासाने पुन्हा तेच, त्याच आवाजात.

आणि त्यांच्या हाती त्यांचं काहीतरी काम द्या. म्हातारं माणूस आजारी पडलं की घर प्रेमाने सगळं काढून घेतं. चाव्या गेल्या, बाजार गेला, मजुरांचा हिशेब गेला. नानांनी पन्नास वर्षं शेत केलं आहे. आता त्यांना कुणी विचारत नाही, आणि ज्या एका बाईला ते संध्याकाळी शेतातलं सगळं सांगायचे ती राहिली नाही.

सावद्याकडच्या एका घरात मी हे फार चांगलं केलेलं पाहिलं. आबा ७६ वर्षांचे, केळीवाले, तुमच्या नानांसारखेच पडून असायचे. मुलगा रोज सकाळी पेपर आणि चष्मा खाटेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "आबा, रावेरचा भाव काय निघाला बघून ठेवा, मला संध्याकाळी लागेल." संध्याकाळी विचारायचा. पहिले कितीतरी दिवस आबांनी पेपर उघडलाच नाही. मुलगा 'बरं' म्हणायचा, स्वतः बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर ठेवायचा. चौथ्या आठवड्यात आबांनी नुसता आकडा सांगितला. पाचव्या आठवड्यात मी तिथे असताना आबा म्हणाले, "मागच्या वर्षी याच दिवसांत भाव चढला होता, आणि मी सांगत असताना तू माल थांबवला नाहीस." मुलगा उठून आत गेला. मी मागोमाग गेले तर तो माठाशी उभा राहून रडत होता. त्याला बाबा परत मिळाल्यासारखं झालं होतं, ते रागावले म्हणून.

तुमच्या घरात ते काम काय असेल, ते तुम्हाला माहीत. वाफ्याला पाणी सोडणं असेल, गाईपुढे चारा टाकणं, देवापुढे दिवा, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं (सोबत कुणीतरी जाऊन). एकच द्या, रोज तेच, आणि नाही झालं तर बोलू नका. झालं तरी 'शाब्बास नाना' असं लहान मुलासारखं कौतुक करू नका.

जेवणाचंही तसंच. आपल्या घरांत म्हाताऱ्याचं ताट बाहेर खाटेवर नेऊन देतात, मान म्हणून. सासूबाई असताना त्या समोर बसून वाढत असतील. आता ते ताट एकट्याने खायचं असतं. संध्याकाळचं एक जेवण तरी सगळ्यांबरोबर आत घ्या. थोडं थोडं, चार वेळा. कळण्याची मऊ भाकरी दुधात कुस्करून, मुगाचं वरण, ताक, अंडं चालत असेल तर अंडं. तीन-चार महिन्यांत वजन किती उतरलं असेल ते बघा, दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात काट्यावर उभं करा. दात नीट बसतात का, मोतीबिंदू आहे का, ऐकू कमी येतं का, हेही तपासा. ऐकू न येणारा माणूस घरात असूनही घराच्या बोलण्यातून बाहेर पडतो, आणि आपण त्याला 'बोलत नाहीत' म्हणतो. थायरॉईड आणि बी-१२ झालं नसेल तर करून घ्या, विशेषतः शाकाहारी असतील किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर.

भेटायला येणारी माणसं हा आपल्याकडचा मोठा विषय. सुट्टी झाली की भाऊबंद, सोयरे, अख्खा वाडा येतो. प्रत्येक जण तेच विचारतो आणि प्रत्येक जण सल्ला देतो. एका वेळी दोघं, वीस मिनिटं, आणि आजाराबद्दल बोलायचं नाही, हे तुम्ही सुनेने सांगायला संकोचाल, म्हणून यजमानांनी दाराशीच सांगावं. नानांचे भजनी मंडळातले एक-दोन जुने सोबती असतील तर त्यांना मात्र मुद्दाम बोलवा, रोज संध्याकाळी, नुसतं बसायला. कुणी 'बाहेरचं आहे, भगताकडे न्या' म्हणेल. देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडा, मी कधी अडवत नाही. गोळी चुकता कामा नये, उपास लादता कामा नये आणि अंगावर मारझोड, धुरी असलं काही करू देऊ नका.

आता सुरत. पहिले तीन महिने पाठवू नका. नणंदेची माया खरी आहे, पण तिथे चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ओटा नाही, ओळखीचा रस्ता नाही, जावई आणि मुलं दिवसभर कामावर, आणि नाना एकटे. डॉक्टर बदलले की फाईल तिकडे, गोळी इकडे, आणि मधले चार दिवस विनागोळीचे जातात. त्याऐवजी आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आली आहे, तर नणंदेला माहेरी बोलवा, आणि नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पंधरा दिवस राहा म्हणावं. आखाजीला सासूबाईंच्या नावाने, गेलेल्या माणसासाठी भरतात ती घागर भरली जाईल. ती नानांच्या हाताने भरू द्या. रडले तर रडू द्या, पाठीवर हात ठेवून बसा. दुःख त्रास देईल म्हणून लपवून करू नका. लेक शेजारी असेल तर ते नानांना पेलेल. श्रावणानंतर तब्येत सावरली, डॉक्टर हो म्हणाले, तर आठ दिवस सुरतेला जाऊन येऊ द्यात, फाईल आणि पुरेशा गोळ्या घेऊन.

नणंद आली की त्या पंधरा दिवसांत तुम्ही झोपा, ताई. तुमच्या चार प्रश्नांत तुमच्याबद्दल एक शब्द नाही. घर, मुलं, गुरं आणि नाना, सगळं तुमच्याकडे आहे, आणि यजमान रात्री आठला येतात. रात्रीची जबाबदारी त्यांची, गोळ्या आणण्याची आणि तारखेला नेण्याची जबाबदारी त्यांची, हे मी त्यांनाच उद्देशून लिहिते आहे. सून म्हणून सासऱ्यांना अंघोळीला उठवणं तुम्हाला अवघड जात असेल, तर सकाळचं तेवढं मुलाने करून मग गाडी पकडावी. आणि तुमची स्वतःची झोप उडाली, सारखं रडू यायला लागलं, तर नानांच्या तारखेला तुमचाही केसपेपर काढा.

कायद्याप्रमाणे सुट्टी देताना पुढच्या उपचारांचं घरच्यांशी बोलून ठरवायचं असतं. तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नसेल तर हक्काने जाऊन विचारा. जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. लांब पडत असेल तर उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याला कोणत्या वारी येतं ते आशाताईलाही विचारता येईल. एसटीत ६५ वर्षांपुढच्यांना अर्धं तिकीट आहे, तुम्हालाही महिला म्हणून अर्धं, तेव्हा भाड्यापायी तारीख चुकवू नका. रात्री-बेरात्री कळेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मोबाईलमध्ये आज सेव्ह करा, यजमानांच्याही आणि नातवाच्याही.

पुढच्या तारखेपर्यंत वाट मात्र बघू नका. महिन्याची तारीख दिली असेल तर या आठवड्यातच एकदा दाखवून या. येताना शंभर पानी वही आणा. त्यात रोज चार ओळी: किती तास झोपले, किती खाल्लं, गोळी घेतली का, ओट्यावर आले का. नाना स्वतःहून काही बोलले असतील तर ते वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा, कितीही साधं असो. आणि दाखवायला जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, संपलेलीसुद्धा.